बिनतारखेचं नियुक्तिपत्र

रविवारी सकाळी दाढी करायला आरशासमोर बसलेल्या शिवप्पा बिराजदारांना आरशाशेजारी भिंतीवर चिकटवलेला एक कागद दिसला आणि त्यांची दाढी अर्धीच राहिली. डाव्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी चष्मा चढवला. कागद जाड होता, वर कंपनीचं रंगीत चिन्ह होतं, खाली दस्तखत होती आणि मधोमध ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘श्री. संगमेश्वर शिवप्पा बिराजदार यांची विभागीय व्यवस्थापक, लातूर विभाग, या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे.’

"गौरम्मा!" शिवप्पा ओरडले. "भाकर राहू दे अन् हिकडं ये. पोरगं साहेब झालं की गं!"

पोरगं त्या वेळी घरी नव्हतं. शनिवारी मुक्कामाला आलं होतं, कागद चिकटवला होता आणि पहिल्या एसटीनं लातूरला परत गेलं होतं, कारण रविवारी त्याला साहेबांच्या घरची तूर डाळमिलवर न्यायची होती. तूर नेणं हाही प्रशिक्षणाचाच भाग होता.

संगमेश्वर कृषी पदवीधर. बियाण्यांच्या एका कंपनीच्या ‘पदवीधर प्रशिक्षण कार्यक्रमा’त लागून त्याला नऊ महिने झाले होते. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिनं ते तीनदा बदललंय, आणि का बदललं ते ज्यांचं सोयाबीन उगवलं नाही त्यांना ठाऊक आहे. लातूर आणि नांदेड मिळून दहा पदवीधर घेतले होते. वर्षभर त्यांना सगळी कामं करायला लावायची, मार्चअखेर तिघांना कायम करायचं आणि उरलेल्या सातांच्या हातात अनुभवाचं प्रमाणपत्र ठेवायचं, अशी योजना. ते तिघे कोण, हे विभागीय व्यवस्थापकानं भरलेल्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर ठरणार होतं. संगमेश्वरला कायम व्हायचं होतं. झोपेत, जेवताना, जीप पुसताना त्याच्या डोक्यात तेवढंच असायचं. लग्नाची दोन स्थळंही ‘कायम झाला की सांगा’ म्हणून जागच्या जागी थांबली होती.

लातूरचे विभागीय व्यवस्थापक होते बापूसाहेब निटूरकर. त्यांच्या हाताखाली संगमेश्वर पुष्कळ शिकला. जीपच्या टपावर भोंगा कसा बांधायचा, मेळाव्याला सहा शेतकरी आले तर साठ दिसतील असा फोटो कुठून काढायचा, साहेबांच्या मेहुण्याला रेल्वे स्टेशनवर कसं ओळखायचं, आणि बी उगवलं नाही म्हणून भांडायला आलेल्या शेतकऱ्यालाच ‘पेरलं किती खोल?’ असं दरडावून कसं विचारायचं. कॉलेजच्या चार वर्षांत यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

जानेवारीत या दहाही जणांना नांदेडच्या एका हॉटेलात सहा दिवसांच्या नेतृत्व शिबिराला बोलावलं गेलं. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून मालविका मॅडम आल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांवर विश्वास ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे मनोरे रचायला लावले. तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं ‘मी कोणतं झाड आहे’ ते सांगायचं होतं. नऊ जण वड झाले. अर्धापूरची तनुजा म्हणाली, "मी केळ. एकदा घड दिला की कापून टाकतेत." मॅडम ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला पाच वर्षांनंतरचं आपलं स्वप्न विचारलं आणि दुपारच्या जेवणानंतर ज्याच्या त्याच्या हातात त्या स्वप्नाचं नियुक्तिपत्र ठेवलं. कंपनीच्याच कागदावर, स्वतःच्या सहीनं.

"मॅडम, ह्याच्यावर तारीख न्हाई," संगमेश्वर म्हणाला.

"ती तुम्ही टाकायची! ड्रीम तुमचं, तर डेडलाइन पण तुमचीच. घरात दर्शनी जागी लावा, रोज सकाळी वाचा. सबकॉन्शस माइंड ॲक्टिव्हेट होतं."

"माझ्या घरी लावलं तर आधी माय ॲक्टिव्हेट होईल," तनुजा हळूच म्हणाली.

पत्र घरी लावून त्याचा फोटो कंपनीच्या ॲपवर टाकणं सक्तीचं होतं. तनुजानं दोन टाचण्यांवर लावलं, फोटो काढला, पत्र उतरवलं आणि गळक्या डब्याखाली घडी करून ठेवलं. संगमेश्वर आज्ञाधारक. त्यानं कागदाला मागून भरपूर डिंक फासला. फोटो काढल्यावर पत्र निघेना, आणि भिंतीला दिवाळीतच रंग दिलेला. राहू दे म्हणाला आणि गेला.

इकडे शिवप्पांनी पत्र तीनदा वाचलं आणि त्यांना खोट सापडली. तारखेच्या जागी नुसती टिंबं होती. शिवप्पांचं अर्धं आयुष्य तहसील कार्यालयाच्या ओट्यावर गेलेलं. कोरी जागा म्हणजे काय असते ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? उद्या कुणीही येऊन तिथं वाट्टेल ते लिहील. त्यांनी दाढी पुरी केली, खिशातलं पेन काढलं आणि वार बघून, येत्या सोमवारची तारीख स्वच्छ अक्षरांत टाकून दिली. मग पत्राचा फोटो काढून ते अण्णारावांकडे गेले.

अण्णाराव म्हणजे गावचे भावी सरपंच. तीन निवडणुका ते भावीच होते. गावात कोणाचं काही चांगलं झालं की चौकात त्याचा फ्लेक्स अण्णारावांकडूनच लागायचा. पोरगं दहावी झालं, कोणी पोलिसात लागलं, कोणाच्या म्हशीला तालुक्याच्या प्रदर्शनात नंबर आला, अण्णाराव हजर. म्हशीच्या फ्लेक्सवर म्हैस कोणती आणि अभिनंदन करणारे कोण हे कळायला जरा वेळ लागला होता, पण ते असो.

बुधवारी संगमेश्वरच्या मोबाइलवर गावच्या ग्रुपवरून फोटो आला. दहा बाय पंधराचा फ्लेक्स. अर्ध्या भागात काळा चष्मा लावून, कानाला फोन धरून बसलेले अण्णाराव. उरलेल्या अर्ध्यात गावातली बावीस डोकी. खाली कोपऱ्यात परीक्षेच्या हॉल तिकिटावरचा घाबरलेला संगमेश्वर. आणि मजकूर: ‘आमचे सहकारी शिवप्पा बिराजदार यांचे चिरंजीव, साहेब संगमेश्वर यांची लातूरच्या विभागीय व्यवस्थापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

संगमेश्वरनं ऑफिसच्या जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"अप्पा, ते पत्र खरं न्हाई!"

"दस्तखत हाय की."

"दस्तखत हाय, पण ते ट्रेनिंगमधलं हाय. पाच वर्षांनी मी काय व्हावं म्हणून दिलंय."

"पाच वर्षांनंतरचं आत्ताच लिहून देऊन राहिली, म्हंजे कंपनी लई मोठी हाय."

"अप्पा, त्याच्यावर तारीख तरी हुती का?"

"न्हवती. मी टाकली. सोमवार बघून टाकली. कोरी जागा ठिवू नये बाबा. एका कोऱ्या जागेपायी माझी तीन वर्षं तहसीलला गेली."

"अहो, साहेबाला कळलं तर मला कायम कोण करील?"

"साहेबाला कामून भ्यायचं? आता साहेब तूच हाईस न्हवं?"

अप्पांपुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. संगमेश्वरनं अण्णारावांना फोन लावला.

"बोला साहेब!"

"काका, साहेब म्हणू नका. तो बोर्ड आजच्या आज काढा. पाया पडतो."

"बघा, मोठा झाला तरी पोरगा किती नरम हाय," अण्णाराव शेजारच्या कुणाला तरी म्हणाले. मग फोनवर, "काढता येत न्हाई, बाबा. चढवलेला बोर्ड आठ दिसांच्या आत उतरला तर लोकं दोनच गोष्टी समजतेत. एक तर माणूस गेला, न्हाई तर नोकरी गेली."

"काका, माझी खरंच जाईल. गावातनं तेवढा काढा."

परवा अण्णारावांचा वाढदिवस होता आणि चौकात फ्लेक्स बांधायचा लोखंडी सांगाडा एकच होता.

"बरं. तू म्हणून राहिलास म्हणून. गावातनं काढतो. शब्द हाय माझा."

अण्णाराव शब्दाचे पक्के निघाले. त्याच संध्याकाळी त्यांनी गावातून फ्लेक्स काढला. पण एवढा मोठा, नवाकोरा फ्लेक्स गुंडाळून घरात ठेवायचा म्हणजे पाप. तो त्यांनी टेम्पोत घातला आणि शिरूर अनंतपाळच्या मुख्य चौकात, चार रस्त्यांवरून दिसेल असा, नीट ताणून बांधला. गावात तो शंभर माणसांनी आणि काही शेळ्यांनी पाहिला असता. आता तो अख्ख्या तालुक्यानं पाहिला, आणि गुरुवारी दुपारी डीलरच्या भेटीला निघालेल्या बापूसाहेब निटूरकरांनी.

"साहेब," जीपचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "हे तर आपलंच पद हाय न्हवं?"

बापूसाहेबांनी जीप बाजूला घ्यायला लावली, फ्लेक्स दोनदा वाचला आणि डीलरकडे न जाता परत फिरायला सांगितलं.

आता कोणीही म्हणेल, पुण्याला एक फोन करून विचारायचं होतं. बापूसाहेबांनी विचारलं नाही, याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी लातूरचे व्यवस्थापक आनंदराजसाहेब मुलीच्या लग्नाची रजा संपवून कामावर आले, तेव्हा दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी होती. ती पाटी बापूसाहेबांची. त्याआधी तीन वर्षं आनंदराजसाहेबांच्या घरचा गॅस सिलिंडर बापूसाहेबच खांद्यावरून आणून देत. ही कंपनी माणसाला कसं काढते हे बापूसाहेबांना पुरतं माहीत होतं, कारण तसं काढलेल्या माणसाच्या खुर्चीवरच ते बसले होते. फोन केला आणि पुण्याहून ‘हो, सांगायचं राहिलंच’ असं उत्तर आलं तर?

शुक्रवारी सकाळी त्यांनी संगमेश्वरला केबिनमध्ये बोलावलं.

"या, बिराजदारसाहेब."

संगमेश्वरनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"बसा ना."

नऊ महिन्यांत त्या खुर्च्या त्यानं फक्त पुसल्या होत्या. तो कडेला टेकला. चहा आला, तोही बशीसकट.

"सर, तुम्ही तो बोर्ड बघितला का?"

"बोर्ड? कुठला बोर्ड?" बापूसाहेब म्हणाले. "शिरूर अनंतपाळच्या चौकातला, औषधाच्या दुकानाजवळचा, दहा बाय पंधरा, तो?"

"सर, त्याच्यात काही तथ्य न्हाई. ते पत्र खोटं हाय."

बापूसाहेब मंद हसले. "बारा वर्षांपूर्वी इथंच उभा राहून मी आनंदराजसाहेबांना हेच बोललो होतो. ‘सर, काही तथ्य नाही, लोक उगीच उठवतात.’ तेव्हा ऑर्डर माझ्या खिशात होती."

"माझ्या खिशात काहीच न्हाई, सर!" संगमेश्वरनं खिसे उलटे केले. एसटीचं तिकीट, कंगवा आणि बापूसाहेबांच्या तुरीची डाळमिलवरची पावती निघाली.

"मग ऑर्डर कुठंय?"

"घरी. भिंतीवर."

"भिंतीवर," बापूसाहेब म्हणाले. "आणि तारीख?"

संगमेश्वरला खोटं बोलायची सवय नव्हती. या कंपनीत तो टिकणार नाही असं तनुजा म्हणायची ते याचमुळे. "सोमवारची. पण सर, ती अप्पांनी टाकली..."

"सोमवार! म्हणजे तुम्ही रुजू होऊन चार दिवस झाले, आणि मी तुम्हाला परवा जीप धुवायला लावली?"

"तसं न्हाई, सर! मालविका मॅडमनी सगळ्यांनाच दिलंय. दहाही जणांना."

हे त्यानं सुटकेसाठी सांगितलं. बापूसाहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "दहा जागा," ते पुटपुटले. "सगळीच साफसफाई काढली म्हणायची." संगमेश्वर बाहेर पडायच्या आत त्यांनी नांदेडच्या व्यवस्थापकाला फोन लावला होता.

दुपारी तनुजाचा फोन आला.

"काय केलंस रे तू? आमचा साहेब आज मला विचारून राहिला, ‘तनुजाताई, पंखा वाढवू का?’ माझ्या डब्यातलं वांगं खाऊन म्हणला, ‘आईच्या हाताला काय चव हाय!’ मला भ्याव वाटायलंय."

संगमेश्वरनं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"हसू नको. माझं कायम व्हायचं बोंबललं."

"मॅडमला फोन लाव. तिचं लेकरू हाय, तिनंच निस्तरावं."

त्यानं पुण्याला फोन लावला. मालविका मॅडम आनंदानं ओरडल्याच. "संगमेश्वर! तुमच्या बॅनरचा फोटो मला आला. मी प्रेझेंटेशनमध्ये टाकलाय! अख्ख्या कम्युनिटीनं तुमचं ड्रीम ओन केलंय!"

"मॅडम, आमच्या सरांना तेवढं लिहून पाठवा, की ते पत्र खोटं हाय."

"स्वप्नाला खोटं नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी आपण काय शिकलो?"

"मनोरा."

"आणि मनोऱ्यातून?"

"पेपर लई लागतो, मॅडम."

मॅडम म्हणाल्या की लेखी खुलासा द्यायचा तर तो कायदा विभागाकडून जातो, त्याला सहा आठवडे लागतात, आणि खरं म्हणजे कंपनीनं पत्र दिलंच नाही असं कंपनीच्या कागदावर लिहून देणं जरा अवघडच आहे. शेवटी त्यांनी संगमेश्वरला पॉझिटिव्ह राहायला सांगितलं.

पुढचा आठवडा संगमेश्वरनं नरकात काढला. बापूसाहेब त्याला जीपमध्ये पुढं बसवायचे आणि स्वतः मागं बसायचे. डीलर उठून उभे राहायचे. एकानं त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि गेल्या हंगामातला न खपलेला माल परत घ्यायची गळ घातली. सिंधुवहिनींनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीनं, नऊ महिने पुरणाच्या वासावर ठेवलेल्या या पोराला जेवायला बोलावून चार पोळ्या वाढल्या आणि पदर डोळ्याला लावून विचारलं, "आम्हाला कंपनीचं घर कधी सोडावं लागेल, भाऊ?" चौथी पोळी त्यानं ताटातच ठेवली. त्याला खरंच लाज वाटली. आपण काही केलं नाही हे माहीत असूनही वाटली.

बापूसाहेब मात्र नुसते रडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी संगमेश्वरचा मूल्यमापनाचा फॉर्म काढला आणि प्रत्येक रकान्यात दहापैकी दहा गुण भरले. शेरा लिहिला, ‘अशा असामान्य युवकास लातूरसारख्या लहान विभागात अडकवू नये. त्यास तातडीने आसाम किंवा ओडिशा येथे मोठी संधी द्यावी.’ काटा काढायचा तर फुलं वाहून काढावा, हे ते कंपनीतच शिकले होते. फॉर्म पाठवून आठ दिवस झाले तरी पुण्याहून चकार शब्द नाही. तेव्हा त्यांनी दुसरा डाव टाकला. राजीनामा लिहिला.

राजीनामा चार पानी होता. कंपनीसाठी आटवलेलं रक्त, उन्हातान्हात तुडवलेले बांध, हुकलेली बारशी, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘ज्या संस्थेत माणसाला आपली बदली चौकातल्या फ्लेक्सवरून कळते, तिथं स्वाभिमानी माणसानं राहू नये.’ पत्र वाचून पुण्यात धावपळ होईल, मोठे साहेब स्वतः फोन करतील, ‘निटूरकर, असं काय करता?’ म्हणतील, अशी त्यांची खातरी होती. मेल पाठवून ते फोन समोर ठेवून बसले.

अकराव्या मिनिटाला उत्तर आलं. राजीनामा स्वीकारला होता. पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या, आणि खाली एक दुवा होता: ‘आमच्या कंपनीत काम करण्याची शिफारस आपण मित्रांना कितपत कराल? एक ते पाच तारे द्या.’

बापूसाहेबांबद्दल फार हळहळायचं कारण नाही. पंधरा दिवसांत ते समोरच्या कंपनीत वरच्या जागेवर गेले आणि जाताना लातूर विभागातले निम्मे डीलर बरोबर घेऊन गेले. नांदेडच्या साहेबांनी राजीनामा-बिजिनामा काही दिला नाही. त्यांनी फक्त घाबरून तनुजाला दहापैकी दहा दिले आणि शेरा लिहायचं धाडस केलं नाही.

मार्चच्या शेवटच्या दिवशी यादी लागली. कायम झालेल्या तिघांत तनुजाचं नाव पहिलं होतं. संगमेश्वरचं नाव यादीत नव्हतं. त्याला वेगळी मेल आली होती, आणि ती त्यानं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचली. त्याची कामगिरी असामान्य असल्याचं त्याच्या वरिष्ठांनी कळवलं होतं. लातूरची जागा योगायोगानं रिकामी होती. सबब लातूर विभागाच्या व्यवस्थापकपदाचा प्रभार त्याच्याकडे देण्यात येत होता. ही शिकण्याची अपूर्व संधी असल्यामुळे त्याचा प्रशिक्षणाचा काळ आणखी एक वर्षानं वाढवण्यात येत होता. विद्यावेतन पूर्वीप्रमाणेच. कायम करण्याचा विचार यथावकाश.

त्यानं घरी फोन लावला. फोन अप्पांनीच उचलला.

"बघ!" सगळं ऐकल्यावर शिवप्पा म्हणाले. "मी सोमवारची तारीख टाकली हुती. दोन महिने उशीर झाला, पण कागद कधी खोटा पडत न्हाई."

गौरम्मांनी फोन हिसकून घेतला. "कायम झालास का रे?"

"न्हाई."

"साहेब झालास अन् कायम न्हाई?"

"हाव."

"अन् तुझ्यासंगं ती अर्धापूरची पोरगी हुती, ती?"

"ती कायम झाली, माय. साहेब न्हाई झाली."

"मग ती दोन स्थळं," गौरम्मा म्हणाल्या, "त्यांना मी काय सांगू?" पुढं त्या स्थळांनी आपापला मार्ग धरला. त्यातलं एक तर म्हणालं, मुलगा साहेब असूनही कायम नाही म्हणजे नक्की काहीतरी भानगड असणार.

उन्हाळ्यात नवी तुकडी आली. नांदेडच्या त्याच हॉटेलात मालविका मॅडमनी पडद्यावर अण्णारावांचा फ्लेक्स दाखवला आणि संगमेश्वरला टाळ्यांच्या गजरात उभं केलं. पाच वर्षांचं स्वप्न दोन महिन्यांत! याला मॅडमनी ‘लातूर पॅटर्न’ असं नाव दिलं होतं. त्यात एवढं यश आलं होतं की आता ती नियुक्तिपत्रं शिबिराच्या शेवटी न देता पहिल्याच दिवशी वाटली जात होती. संगमेश्वरनं हात जोडले, चार शब्द बोलला आणि जेवण न करताच लातूरला परतला, कारण फुटलेल्या डीलरांच्या मागं हिंडायला आता त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि जीप धुवायलाही.

शिबिर संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्याच्या केबिनच्या दारात मुखेडची एक मुलगी उभी राहिली. आरती तिचं नाव. नवी प्रशिक्षणार्थी. संगमेश्वरनं मान वर केली नाही. त्याला बापूसाहेबांकडून एक सवय लागली होती, नव्या माणसाला थोडं उभं ठेवायची.

"जीप चालवता येते?" त्यानं विचारलं.

"शिकते, सर."

"भोंगा बांधता येतो?"

"शिकते, सर."

"बरं. आधी ती खालची बियाण्याची पोती मोजून घे," तो म्हणाला आणि मग सहज, काही विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "शिबिरातलं पत्र घरी लावलंस का?"

"हाव सर. मायनं लावलं. केवळाबाईची पोरगी साहेबीण झाली म्हणून अख्खी आळी बघून गेली."

संगमेश्वरनं मान वर केली. "कोणतं पद लिहिलंय त्याच्यावर?"

"विभागीय व्यवस्थापक," आरती लाजत म्हणाली. "लातूर विभाग."

पंख्याचा आवाज येत होता. बापूसाहेबांच्या वेळचाच पंखा.

"माय म्हणून राहिली, बाजाराच्या दिवशी मुखेडच्या चौकात बोर्ड लावायचा," आरती पुढं सांगत होती. "पैसे पण देऊन आली. फक्त तारखेची जागा तेवढी कोरी हाय म्हणे. तुम्हालाच विचार म्हणली. कधीची टाकू, सर?"

संगमेश्वर खुर्चीतून उठला. टेबलाला वळसा घालून आला, समोरची खुर्ची ओढली आणि आपल्या रुमालानं पुसली.

"बसा ना, आरतीमॅडम," तो म्हणाला. "चहा घेणार?"